व्हॉल्व्हवर बसलेला हिराजी

हिराजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कर्जतच्या सलूनमध्ये खुर्चीत होतो आणि माझी बरोबर अर्धी दाढी झाली होती. डावा गाल गुळगुळीत, उजव्या गालावर फेस. पलीकडून खोपोलीचा एक जुना सहकारी सांगत होता, "हिराजीभाऊ गेला हो. सकाळी उठून चहा घेतला, दुसरा कप मागितला, आणि तो येईपर्यंत गेला." मी तसाच उठलो, फेस टॉवेलला पुसला, मिळाला तो टेंपो पकडला आणि पोचलो. तिथल्या बायकांनी माझं ते अर्धं तोंड पाहिलं आणि असा काही हंबरडा फोडला, की घाटात ठाकुरवाडीला उभी असलेली मालगाडी तो ऐकून दहा मिनिटं उशिरा सुटली असणार. "बघा गं, साहेबाला दाढी पुरी करायचं बी भान नाय ऱ्हायलं!" मी काही खुलासा केला नाही. दुःख खरंच होतं... आणि खऱ्या दुःखाला थोडी शोभा आयती मिळत असेल तर नको कशाला म्हणा? या गोष्टीला आता सहा-सात आठवडे झाले. माझी दाढी पुरी झाली, हिराजीचे सगळे दिवस झाले, आणि मला एक जुनी गोष्ट लिहून टाकायची आहे. ती त्याच्या एका दिवसाच्या बसण्याची आहे.

साजगावात आमचा प्लेटिंगचा कारखाना होता. म्हणजे अजून आहे. नाव सांगत नाही, कारण शेठचा नातू दर दिवाळीला मला मिठाई पाठवतो आणि मिठाई चांगली असते. लोखंडी बोल्ट, बिजागऱ्या, सायकलची हँडलं आमच्याकडे काळवंडलेली यायची आणि बोहल्यावर चढायला निघाल्यासारखी चमकत बाहेर पडायची. त्यासाठी माल जस्ताच्या, निकेलच्या, क्रोमच्या टाक्यांत बुडवायचा आणि प्रत्येक बुडीनंतर धुवायचा. ते धुतलेलं पाणी म्हणजे आमचा खरा माल. चकचकीत हँडलं आपली जोडधंद्यासारखी. क्रोमचं पाणी पिवळंजर्द, निकेलचं हिरवट, आणि जस्ताचं अगदी नितळ, म्हणजे तिघांत सगळ्यांत लबाड. हे पाणी शुद्ध करायला प्लांट होता. निळा रंग दिलेली एक सिमेंटची टाकी. मी बी.एस्सी. होऊन केमिस्ट म्हणून लागलो तेव्हा तिच्यात एक बेडूक कायम नोकरीला होता. तपासणीचे साहेब यायचे असले की बेडकाला रजा द्यायची, टाकीत पाणी भरायचं, शेजारी चुन्याच्या चार गोणी टेकवायच्या. साहेब गेले की बेडूक हजर. बाकी सगळं पाणी सरळ ओढ्यात, आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला हिराजीचं गाव.

हिराजी भोईर मला पहिल्यांदा दिसला तो डोक्यावर हंडा घेऊन. खांदे असे, की गेटातून त्याला तिरकं होऊन यावं लागलं. वॉचमन त्याच्या सावलीत उभा राहिला तर दिसेनासा व्हायचा. त्यानं तो हंडा शेठच्या टेबलावर, कागदांवरच, ठेवला. आत हळदीसारखं पिवळं पाणी.

"शेठ, आमच्या म्हशी हे पानी पीत नाय. तुमी जरा पिऊन दावा, म्हंजे त्यांना सांगतो."

आमच्या शेठची एक पद्धत होती. ओरडत येईल त्याला नोकरी द्यायची. गावातले निम्मे आरडाओरडा करणारे अशा रीतीनं आमच्याकडे शांतपणे काम करत होते. शेठ म्हणाले, "याला प्लांटवर घ्या." प्लांटवर काम काहीच नाही, तेव्हा माणूस बेडकाच्या शेजारी झोपून राहील, असा त्यांचा हिशेब. हिराजीनं नोकरी घेतली. घेतली, आणि त्याच संध्याकाळी गावात बोंब झाली की हिराजी विकला गेला. तेव्हा त्यानं देवळापुढच्या पारावर उभं राहून सांगितलं, "मला थोडी मुदत द्या. मंग ओढ्याला जे येईल ते माझ्या हातनं येईल. खराब आलं, तर माझ्या दारचं पानी कुनी पिऊ नका." आमच्या भागात हे बोलणं साधं नाही. दारचं पाणी बंद म्हणजे सोयरीक बंद, पंगत बंद, माणूस जिवंतपणी गावाबाहेर. घरात दोन मुली लग्नाच्या, आणि हा गडी एका बेडकाच्या भरवशावर शब्द देऊन आला होता.

पुढच्या शनिवारपासून वांगी सुरू झाली. छोटी, जांभळी, काटेरी देठांची, भरून करायला अशी की नुसत्या वासानं शेजारचे जेवायला यावेत. एक पिशवी शेठच्या घरी, एक सुपरवायझरकडे, एक माझ्याकडे. हिराजीची बायको, पार्वतीवहिनी, ओढ्याकाठी मळा करायची हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेठीणबाई खूश, शेठ खूश. चौथ्या शनिवारी दुपारी शेठ ऑफिसात डबा उघडून बसले होते, तोंडात अख्खं वांगं, आणि हिराजी दारात उभा राहून अगदी आपुलकीनं म्हणाला, "मळा ओढ्यावरच हाय, शेठ. जे वरनं तुमी सोडता, तेच खाली वांग्याला लागतं." शेठचं तोंड तिथंच थांबलं. ते वांगं गिळावं की थुंकावं, याचा निर्णय व्हायला माझ्या घड्याळाप्रमाणे पाऊण तास लागला. सोमवारी टाकी धुतली गेली, बेडकाला कायमचं घरी पाठवलं, नवे पंप आले, गाळ दाबून वड्या पाडणारं फिल्टर प्रेसचं धूड आलं, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा केमिस्ट्रीचा उपयोग करावा लागला. फार वर्षांनी मी हिराजीला विचारलं, "पण तू लोकांना ती तसली वांगी खायला कशी रे घातलीस?" तो माझ्याकडे असं बघत राहिला, जसा मी नुकताच त्या टाकीतून उडी मारून बाहेर आलोय. "येड लागलंय का, केमिस्ट? इखाची वांगी कोन देतं कुनाला? मळा तवा पडीकच ठेवला हुता आमी. ती वांगी खोपोलीच्या बाजारातली हुती." मळ्यात पुन्हा लागवड झाली ती प्लांट नीट चालायला लागल्यावर, ओढ्याचा गाळ खरवडून काढल्यावर आणि मातीची तपासणी दोनदा बरी आल्यावर. त्यानंतर मात्र शनिवारची वांगी खरी मळ्यातली होती.

मी त्याला पुस्तकातलं शिकवलं, त्यानं मला टाकीतलं. पिवळ्या क्रोमच्या पाण्यात आधी अॅसिड घालायचं, मग ती नाकात सुई टोचल्यासारखी झोंबणारी पांढरी पावडर. पाणी डोळ्यांदेखत पिवळ्याचं हिरवं होतं. विखारी क्रोम निवळून गरीब क्रोम होतो. मग चुना. चुन्यानं पीएच चढतो, म्हणजे पाण्याचा आंबटपणा मोडतो, आणि साडेआठ-नऊच्या आसपास आला की पाण्यात विरघळून लपलेला धातू दही लागावं तसा फुटून खाली बसतो. वरचं पाणी सोडायचं, खालचा गाळ दाबून, वड्या पाडून, गोणीत भरून घातक कचऱ्याच्या ट्रकवर चढवायचा. एवढंच. पण किती पाण्याला किती चुना, हे मला वहीत बघावं लागे आणि हिराजीला नाकात कळे. टाकीच्या काठावर उभा राहून तो एक श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "आठ... नाय, आठाच्या वर थोडं." मग मीटर लावलं तर तेवढंच. एकदा मीटरनं वेगळं सांगितलं तेव्हा आम्ही मीटर दुरुस्तीला पाठवलं. पन्नास किलोची गोण तो वहीसारखी काखेत धरून आणायचा आणि चिमूट-चिमूट टाकल्यासारखा चुना टाकायचा. खिडकीत काचेचे पेले ओळीनं मांडलेले. प्रत्येक पेल्यात वेगळ्या वेळचं पाणी. फावल्या वेळात बाकीचे पत्ते खेळत, हा पेल्यांकडे बघत बसे. त्यांतलं कुणी विचारलं, "कशाला बघतोस रे इतकं?" की "बसतंय का बघतो," म्हणायचा.

आता तो दिवस. माझं लग्न ठरलं होतं. त्या दुपारी कर्जतला बस्ता बांधायचा होता. मुलीकडची माणसं बदलापूरहून कापडाच्या दुकानात येणार, मी बाराच्या आत पोचायचं. सकाळी टाकीत शेवटचं पाणी हिरवं होऊन चुना पडलेला, दही लागलेलं, पण बसेना. आरामात, हत्ती खाली बसावा तसं एकेक पाय दुमडत बसत होतं. हिराजी मागच्या आवारात गाळाच्या गोणी ट्रकवर चढवत होता. मला वाटलं, चुन्यानंच बसतं ना, मग जास्त चुन्यानं लवकर बसेल. बी.एस्सी. माणसाच्या डोक्यात असा विचार यावा, हा माझ्या प्रोफेसरांचा केवढा अपमान! मी आजूबाजूला पाहिलं आणि स्वतःच्या हातानं दोन गोणी जास्त ओतल्या. तासाभरात वरचं पाणी नितळ झालं, आरशासारखं. त्यात मी भांगसुद्धा नीट केला. "हिराजीभाऊ, सोडा पाणी! झालं!"

तो हात पुसत आला. टाकीत वाकला, नाक मुरडलं. पीएचच्या कागदाची पट्टी बुडवली. ती काळीनिळी होऊन आली. मग पेलाभर नितळ पाणी काढलं आणि त्यात अॅसिडचे चार थेंब टाकले. त्या स्वच्छ पाण्यातून पांढरं दही उमटलं.

"ह्यात जस्त हाय," तो म्हणाला. "बसलेलं पुन्हा उठवलंत तुमी. चुना लई झाला की जस्त परत विरघळतं. नितळ दिसतं, आन् सगळं आत."

हे पुस्तकात होतं. मी वाचलंही होतं. त्याच पानाची खूण परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्या पुस्तकातून हरवली असावी. तेवढ्यात शेठ आले. टाक्या भरल्या होत्या. हे पाणी सुटल्याशिवाय धुलाई चालू होईना, धुलाई बंद म्हणून लाईन बंद, आणि चारला पुण्याचा टेंपो भरायचा होता. "काय झालं?" मी म्हणालो, "चुना... खराब आला असावा, शेठ." हिराजीनं माझ्याकडे पाहिलं.

शेठनी टाकीत डोकावलं. "अरे, हे तर बिसलरीसारखं दिसतंय! सोड. एक दिवस गेलं तर कोणाला दिसतंय?"

"दिसत नाय म्हनूनच सोडनार नाय," हिराजी म्हणाला, आणि जाऊन बाहेरच्या पाइपाच्या व्हॉल्व्हवर बसला. चाक दोन मांड्यांमध्ये, पाठ टाकीला. त्याखाली वांग्याचा मळा होता, दोन मुली होत्या, आणि पारावर दिलेला शब्द होता. त्या शब्दाचं शेठला ठाऊक नव्हतं, मला होतं.

शेठनी आधी समजावलं, मग ओरडून पाहिलं, मग नोकरी काढायची धमकी दिली. "काढा की. उद्यापासनं नाय येत. पन आज उठत नाय." मग त्याला उचलायला चार माणसं बोलावली. मी ही गोष्ट सांगतो तेव्हा दर वेळी एक माणूस वाढतो, त्यामुळे आज ती सहा होती असं लिहितो. सहाही जण घामाघूम झाले, पाइपाला बाक आला, हिराजी तसाच. उलट त्यांतल्या एकाला म्हणाला, "डावीकडनं धर रं, तिथं गुदगुल्या व्हतात." शेवटी शेठ स्वतः उलटी बादली घेऊन त्याच्यासमोर बसले. दोघांना चहा आला. दोघंही एकमेकांकडे बघत चहा प्यायले, जसं काही एकाच्या मुलीला दुसरा बघायला आलाय.

आणि मी? मी चिमूट-चिमूट अॅसिड सोडत होतो. पीएच बारावरून खाली आणायचा, पण नऊच्या खूप खाली जाऊ द्यायचा नाही. घाई केली तर पुन्हा पहिल्यापासून. पीएच साडेअकरा... पीएच अकरा... आणि घड्याळात दुपारचे दोन वाजले. कर्जतला माझ्याविना बस्ता बांधला गेला. नवरा आला नाही म्हणून मुलीच्या मामानं रागारागात साडी निवडली. पिवळ्या काठांची हिरवी, अगदी आमच्या टाकीच्या दोन्ही रंगांची. ती साडी अजून घरात आहे आणि बायको दर सणाला ती नेसून माझ्याकडे रोखून बघते. चारला पुण्याचा टेंपो रिकामा गेला. साडेपाचच्या सुमाराला दही पुन्हा लागलं आणि मुकाट खाली बसलं. हिराजीनं बसल्या जागेवरून पेला मागवला, थेंब टाकले, उन्हाकडे धरून बघितलं. पाणी जसंच्या तसं राहिलं. मग तो उठला, म्हणजे उठायला गेला आणि दोन्ही पायांना मुंग्या येऊन शेठच्या अंगावर पडला. शेठनीच त्याला धरून उभं केलं आणि त्यानं स्वतःच्या हातानं चाक फिरवलं.

दिवसभर मला अॅसिड सोडताना बघून चुना खराब नव्हता, जास्त झाला होता, हे शेठना कळलं होतं. पाणी सुटल्यावर त्यांना प्रश्न सुचला. "पण चुना जास्त टाकला कोणी? आज त्याला घरी पाठवतो." मी तोंड उघडलं. खरं सांगतो, उघडलं होतं. त्यातून शब्द बाहेर यायच्या आत हिराजी म्हणाला, "मी." शेठनी त्याला आपादमस्तक पाहिलं. दिवसभर ज्याला सहा माणसांनी हलवता आलं नाही त्याला घरी कसा पाठवायचा, हा प्रश्न होताच. म्हणून महिनाभर पॅकिंगला पाठवलं. आणि मी माझं उघडलेलं तोंड मिटलं.

सायकल स्टँडजवळ मी त्याला गाठलं. "असं का सांगितलंत?" "तुमची हळद लागायची हाय. माझी लागून वीस वर्सं झाली. बिननोकरीचा नवरा कोन उभा करील रं बोहल्यावर?" "पण तुमचं नाव गेलं ना!" तर तो हसला. "गावाला मी काय बोललो हुतो? खराब पानी येनार नाय. आलं का? नाय. मंग माझं काय गेलं?" आणि सायकलवर टांग मारून गेला. ती सायकल त्याच्याखाली नेहमी बोकडासारखी दिसायची.

व्हॉल्व्हची गोष्ट मी पुष्कळदा सांगितली, पण दोन गोणींचं हे कधी कुणाला सांगितलं नाही. शेठ गेले, मी निवृत्त झालो, हिराजी निवृत्त झाला, त्याच्या मुलींच्या मुलांची लग्नं झाली आणि त्या पंगतीत मी मानाच्या पाटावर बसून जेवलो. प्लांटवर आता आपोआप चुना सोडणारं यंत्र आहे. चांगलं आहे. जास्त झालं तर शिट्टी वाजवतं. फक्त ते शनिवारी कुणाकडे वांगी पोचवत नाही.

गेल्या आठवड्यात धीर करून पार्वतीवहिनींकडे गेलो. ओटीवर बसलो, चहा झाला, आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. दोन गोणी, चुना खराब असल्याची थाप, मिटलेलं तोंड. वहिनी ऐकत होत्या. मग पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या, खांदे हलवून.

"अवं भावजी, ते तर ह्यांनी त्याच सांजेला सांगितलंन की. आख्ख्या गावाला ठाव हाय. तुमचं नाव काय पडलंय गावात, म्हाईत नाय तुमाला?"

"काय?"

"गोनीसाहेब. नातवंडं बी तसंच म्हनतात. ह्यांनीच सांगून ठेवलं हुतं, त्यांच्या म्होरं कुनी बोलायचं नाय, बिचाऱ्याला लागंल."

म्हणजे इतकी वर्षं मी त्या गावात मान खाली घालून आणि छाती पुढे काढून, दोन्ही एकाच वेळी, हिंडत होतो, आणि गाव माझ्या पाठीमागे... मला आधी घाम फुटला. मग हसू फुटलं. मग दोन्ही थांबेनात तेव्हा वहिनी म्हणाल्या, "चला, मळ्याला पानी लावायची येळ झाली. येता का?"

ओढ्यावर पंप होता. वहिनींनी तो चालू केला, पण पाइप वाफ्यात सोडला नाही. आधी काठावरच्या दगडामागून एक पांढरा चिनी मातीचा वाडगा काढला, कडेला टवका उडालेला, त्यात पहिलं पाणी धरलं आणि पंप बंद केला. "ह्यांचा वाडगा. रोज पयलं पानी ह्याच्यात. मला बी शिकवलंय." पदराच्या गाठीतून त्यांनी पट्ट्यांची छोटी डबी काढली. या पट्टीत सगळं दिसत नाही, हे हिराजीला माहीत होतं. म्हणून महिन्याला बाटली भरून तपासणीलाही जाते. पण रोजचं रोज बघायचं ते बघायचं. वहिनींनी वाडगा माझ्यापुढे धरला.

"तुमीच सांगा. सोडू का?"

मी पट्टी बुडवली. रंग बरा आला. पाणी नितळ होतं. मी वाडगा उन्हाकडे धरला, तळाकडे पाहिलं, आणि दगडावर टेकवून शेजारी बसलो.

"थांबा वहिनी," मी म्हणालो. "जरा बसू दे. बघू, खाली काही बसतंय का."

वहिनी बांधावर टेकल्या. मी घड्याळाकडे पाहिलं नाही.